गड्यांचं भांडण

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका चहाच्या हॉटेलात पावसाची सर ओसरायची वाट बघत दहा-बारा माणसं थांबली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाप आणि त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. पोरगं मराठी शाळेतलं. समोर कन्नडची वही उघडी, पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ, रेघेच्या अलीकडं कन्नड शब्द आणि पलीकडं मराठी अर्थ. शेजारी हॉटेलातला कन्नड पेपर, चहाच्या ग्लासांचे गोल डाग पडलेला. त्यातूनच शब्द शोधून लिहायचा अभ्यास असावा. पोरानं मथळ्यावर बोट ठेवलं आणि कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, आठवत एकेक अक्षर सुटं करून वाचलं, "ग... डि... वि... वा... द." मग सगळं जोडून मोठ्यानं म्हणालं, "गडी विवाद. म्हणजे गड्यांचं भांडण काय, पप्पा?"

बाप हसला, शेजारचे दोघे हसले, गल्ल्यावरचा माणूसही हसला. "नाही रे, गडि म्हणजे सीमा. सीमेचं भांडण." पोरानं मान हलवली, पण पटलं असं काही दिसलं नाही. त्याच्या लेखी गडी म्हणजे संध्याकाळी गल्लीत खेळायला येणारी पोरं. त्यांचं भांडण रोज होतं आणि दिवे लागायच्या आत मिटतं. ते पेपरात एवढ्या मोठ्या अक्षरांत का छापतील?

सर ओसरली, माणसं पांगली. शब्द मात्र कानात बसून राहिला.

बेळगावात राहणाऱ्याला हे दोन शब्द रोज भेटतात, पण एकत्र कधी भेटत नाहीत. कन्नड बातमीत गडि असते: गडिनाडु, गडिभाग, गडि विवाद. पोलिसांनी कुणाला जिल्ह्याबाहेर काढलं तर मराठी पेपर तडीपार लिहितो, कन्नड पेपर गडिपारु. एखाद्या कामाला दिलेली शेवटची तारीख ती गडुवु, म्हणजे काळाची हद्द. आणि त्याच दिवशीच्या मराठी पेपरात, शेवटून दुसऱ्या पानावर, भारत सहा गडी राखून जिंकलेला असतो. कन्नडमध्ये जिथं आपलं संपतं ती गडि, मराठीत जो आपल्या बाजूचा तो गडी. उच्चारात फरक आहे, पण तो केसाएवढा. कन्नड गडि पटकन तुटते, मराठी गडी शेवटी जरा लांबतो. पुढं दुसरा शब्द जोडून आला आणि बोलणारा घाईत असला की तेवढंही अंतर उरत नाही. लिहिताना तर मराठी हे अंतर स्वतःच पुसून टाकते. शब्दाच्या शेवटी आलेला इकार दीर्घ लिहायचा हा आपला नियम, कवि आणि गति या संस्कृत शब्दांनाही आपण कवी आणि गती करून घेतलं. त्यामुळं कन्नडमधली ऱ्हस्व गडि मराठी वहीत शिरली की तिची गडी होणारच. या नियमातून सुटलेले जे मोजके शब्द आहेत त्यांत दोन ठळक आहेत, आणि ते दोन्ही जोडणारे: 'आणि' अन् 'नि'. एवढ्या मोठ्या भाषेत शेवटची वेलांटी ऱ्हस्व ठेवायची मुभा जोडण्याचं काम करणाऱ्यांना मिळावी, याचं बरं वाटतं.

आता हा मराठी गडी नेमका कोण? कोशात पाहिलं तर एका शब्दात तीन-चार माणसं दाटीवाटीनं राहताना दिसतात. पहिला कामाचा माणूस: घरगडी, सालगडी. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो, वर्षाचं धान्य, पैसा, कपडा सगळं आधी बोलून. दुसरा नुसता पुरुष: गडीमाणसं बाहेर बसली, बायामाणसं आत. 'एकटा गडी' म्हटलं की बिनलग्नाचा किंवा घरच्यांपासून लांब राहणारा. तिसरा खेळातला, आणि चौथा सोबतचा, जिवाभावाचा. त्याला हाक मारायची तर गड्या. या चारांत वरचा-खालचा दर्जा फार मोठा आहे. मालकाचा गडी आणि मित्राचा गडी यांच्यात एक अख्खी समाजव्यवस्था उभी आहे. तरीही शब्द एकच, आणि तो कुणाच्या तोंडून, कुठल्या विभक्तीत येतो त्यावर सगळं अवलंबून. 'आमचा गडी येईल, त्याच्याकडं पिशवी द्या' यात नोकर आहे. 'गडी काय ऐकत नाही' यात कौतुक आहे. 'काय गड्या, कुठं चाललास?' यात पंचवीस वर्षांची ओळख आहे. कन्नडमध्ये आळु शब्दाचं असंच आहे. आळु म्हणजे मजूर, शिपाई, आणि नुसता माणूससुद्धा; विहीर किती खोल हे सांगायलाही आळु चालतो, जसं मराठीत पुरुषभर पाणी म्हणतात. दोन्ही भाषांनी माणूस पहिल्यांदा ओळखला तो काम करताना, असं वाटतं.

नव्यानं मराठी शिकलेला माणूस इथंच घसरतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याची ओळख करून देताना 'हा आमचा गडी' म्हटलं तर समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण तिऱ्हाइतासमोर, मालकीच्या षष्ठीसकट आलेला गडी नोकरच होतो. तोच सहकारी निवडणुकीला उभा राहिला की 'आपला गडी' होतो आणि तिथं कुणाला काही खटकत नाही. आमचा आणि आपला, एवढाच फरक. 'आमचा'मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, 'आपला'मध्ये तो आत येतो. सोबत या नात्याचा हा बारकावा मराठीनं सर्वनामातच बांधून ठेवला आहे, आणि कन्नड बोलणाऱ्याला तो शिकवताना सर्वांत जास्त वेळ लागतो.

गडे हे त्याच घरातलं, पण वेगळ्या चालीचं. 'जा गडे', 'नको ना गडे'. बायका-मुलींच्या तोंडचं, लाडाचं, विनवणीचं. गडी शब्दानं बायकांना तसं बाहेरच ठेवलं. त्यांनी आपले शब्द आपण जपले. जात्यावरच्या ओव्यांत सई आहे, गडणी आहे. सई म्हणजे सखीच, मधला ख झिजून ह झाला, मग तोही गेला. खेड्यात मैतरीण म्हणतात, त्यात संस्कृत मैत्री आहे पण धुळीतून चालत आलेली. कन्नड ओळीत हीच बाई गेळती असते. खानापूरकडच्या एखाद्या लग्नघरात हळद कांडताना या तीन भाषांचे शब्द एकमेकांत मिसळतात. कोकणी बोलणारीही तिथं असतेच.

पण खेळातला गडी जास्त लक्ष देण्यासारखा आहे. कारण खेळात आधी रेघ येते.

कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. एका बाजूला सात गडी, दुसऱ्या बाजूला सात. चढाईला गेलेल्यानं मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदानरेषा गाठायची, नाहीतर चढाई वाया. तिथपर्यंत जायचं आणि दम असेतो परतायचं. पकड पडली तर सगळा जीव त्या मध्यरेषेला बोट लागण्यात असतो. गल्लीत हीच रेघ कोळशानं किंवा विटेच्या तुकड्यानं ओढलेली असते, आणि दर पाच मिनिटांनी ती पुसली गेली म्हणून खेळ थांबतो. अशा वेळी दोन्हीकडची पोरं मिळून ती परत ओढतात. ओढताना एखादा मुद्दाम वाकडी घेतो, मग आरडाओरडा, मग दोरी धरून सरळ. जवळून बघण्यासारखं आहे हे दृश्य: दोन बाजूंचे दोन गुडघ्यावर बसलेत, दोरीची टोकं दोघांच्या अंगठ्याखाली, तिसरा विटेचा तुकडा घासत चाललाय आणि लाल भुकटीनं त्याची बोटं माखलीत. रेघ दोघांनी मान्य केल्याशिवाय खेळच नाही.

आणि रेघेच्या पलीकडचाही गडीच. मराठी त्याच्यासाठी वेगळा शब्द काढत नाही. 'समोरचा गडी' म्हणते, फार तर 'त्यांचा गडी'. पेपरात बाद होणारे गडी नेहमी कुणाचे तरी असतात. शब्दाला त्याची पर्वा नाही. आट्यापाट्यांत तर बचाव करणाऱ्या बाजूचे नऊ गडी रेघेवरच राहतात. नऊ पाट्या आडव्या, प्रत्येकीवर एकेक जण, पाटी सोडायची नाही, पाटीवरूनच हात लांब करून पलीकडं निसटणाऱ्याला शिवायचं. या सगळ्यांना उभी छेदत जाणारी सूरपाटी. पहिल्या पाटीवरच्या गड्याला तिच्यावरून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायची मोकळीक. हुशार पोराला तिथं ठेवतात, कारण त्याला दोन्हीकडं बघावं लागतं.

भिडू हाही खेळातलाच. मुंबईनं त्याला गल्लीचा शब्द केला आणि हिंदी सिनेमानं देशभर फिरवला, पण घडण अगदी साधी मराठी आहे. लागणे-लागू, चालणे-चालू, भिडणे-भिडू. भिडणे म्हणजे काय? भिंतीला भिंत भिडली, म्हणजे चिकटली. फौजेला फौज भिडली, म्हणजे लढली. मधे जागा उरली नाही एवढंच ते क्रियापद सांगतं. पुढं प्रेम की मारामारी ते त्याच्या हातात नाही. बेळगावकडं भिडू शब्दाचं खरं ठिकाण पत्त्यांच्या डावात आहे. मेंढीकोटात चौघं बसतात, भिडू समोरासमोर, शेजारचे दोघे विरोधी. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या आपल्या घरात आणायच्या. भिडूला बोलून काही सांगायचं नाही, डोळा मारायचा नाही. तो कुठलं पान आधी टाकतो त्यावरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं. डाव हरतात ते बहुधा हुकूम कमी पडल्यानं हरत नाहीत, भिडूनं टाकलेलं पान वाचलं नाही म्हणून हरतात. खांद्याला खांदा लावून बसलेला आपला नसतो आणि सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला बसलेला आपला असतो, हे पत्त्यांत पोरांना फार लवकर कळतं.

तिसरा शब्द जोडीदार. आज तो नवरा-बायकोसाठी, लग्न जुळवणाऱ्यांच्या जाहिरातीत जास्त दिसतो. आखाड्यात मात्र जोड म्हणजे ज्याच्याशी कुस्ती ठरली तो. 'जोड चांगली लागली' म्हणजे दोघे वजनानं आणि ताकदीनं तुल्य निघाले. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात हंगामाच्या कुस्त्या असल्या की हलगीच्या तालावर मराठी आणि कन्नड दोन्हींत पुकारा चालतो. मराठी जिथं तालीम म्हणते तिथं कन्नड गरडी मने म्हणते, आत गेल्यावर भाषा एकच: लांग, खडाखडी, ढाक, पट, चीत. माती तांबडी, बारीक चाळलेली, त्यात तेल, हळद, लिंबू, ताक. चिकट झाली तर पाय अडकतो, कोरडी पडली तर कातडी सोलते, म्हणून जाणता वस्ताद मुठीत आवळून बघतो. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला पाहिजे. सलामीनंतर दोघे वाकतात, मूठभर माती उचलतात आणि एकमेकांच्या खांद्यावर, दंडावर, मानेवर चोळतात. समोरच्याच्या घामट अंगावर आपला हात घसरू नये म्हणून ती माती. तो आपल्याला नीट धरू शकावा म्हणून आपण उभं राहून ती लावूनही घेतो. मग खडाखडी सुरू होते, कपाळाला कपाळ, तळव्यात तळवा.

हे तिन्ही शब्द शेजारी ठेवले की एक गोष्ट उठून दिसते. गडी, भिडू, जोड. इकडच्या बोलीत सोबत्याला दिलेली जवळची नावं आवडीतून आलेली नाहीत. काहीतरी एकत्र करण्यातून आलीत, आणि ज्या कामातून आलीत त्यात समोर कुणीतरी उभा होता. त्याच नावानं तोही ओळखला जात होता.

शेतातही तेच. लाकडी नांगराला, काळ्या जमिनीत, चार-सहा बैल लागायचे आणि घरटी जोडी एकच. मग बांधाला बांध असलेल्यांनी आपापली जोडी आणायची, आज तुझं रान, उद्या माझं. याला पैरा म्हणतात, आणि उलटून मदत करणं म्हणजे पैरा फेडणं. कन्नडमध्ये अशा माणसाला मुय्याळु म्हणतात. मुय्यि म्हणजे परतफेडीचा आहेर, त्याला आळु जोडला. पश्चिमेकडं खानापूरच्या बाजूला भाताची लावण अशीच उरकते, कारण चिखलणी झालेलं शेत थांबत नाही आणि एका घरच्या हातांनी चार दिवसांत रोप लागत नाही. हिशेब कागदावर नसतो, पण चुकतही नाही. बैलजोडीचा दिवस आणि माणसाचा दिवस सारखा धरत नाहीत. बापाच्या बदली पोराला पाठवलं तर तो अर्धा गडी. दुपारनंतर पाऊस लागून काम थांबलं तर तो दिवस कुणाच्या नावावर, यावरून कुरबूर ठरलेली. पैरा मोडतो तो बहुतेक वेळा याच अर्ध्या दिवसांवरून. गंमत अशी की बांध कोरल्याचं भांडणही त्याच शेजाऱ्याशी असतं. वितभर जमिनीसाठी दोघे तालुक्याच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि मृग बरसला की एकाचे बैल दुसऱ्याच्या जुवाला. मराठी शेत आणि कन्नड शेत यांच्या मधे असे कित्येक बांध आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजांचं मंडल सांगताना म्हटलंय की ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून तो अरी, आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र. राजांसाठी ते खरं असेल. पैरा करणाऱ्याला पलीकडच्या पलीकडचा मित्र काय कामाचा? त्याचे बैल इथवर पोचेतो वाफसा गेलेला असतो.

मित्र शब्दाचं मूळ मात्र राजांच्याच गोटात सापडतं. वेदांतला मित्र हा देव, वरुणाच्या जोडीनं येणारा. त्याला एकट्याला वाहिलेलं सूक्त ऋग्वेदात एकच आहे, तिसऱ्या मंडलातलं ५९ वं. इराणी बाजूला पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात त्याच शब्दाचा सरळ अर्थ करार. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, हित्ती आणि मितन्नी या दोन राज्यांच्या राजांनी तह केला तेव्हा साक्षीला बोलावलेल्या देवांत मित्र आहे, वरुण आहे, इंद्र आहे. मित्र म्हणजे शब्द दिल्याचा साक्षीदार. संस्कृतात तो देव पुल्लिंगी आणि सोबती या अर्थाचा मित्र नपुंसकलिंगी, जणू आधी ते नातं होतं आणि माणूस नंतर आला. कन्नड पेपर आजही दोन पक्षांच्या युतीला मैत्री म्हणतो. २०१८-१९ मध्ये बेंगळुरूत दोन पक्षांचं सरकार होतं तेव्हा कन्नड वाहिन्या त्याला दोस्ती सर्कार म्हणायच्या.

दोस्त वेगळ्या रस्त्यानं आला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात महमूद गावाननं बेळगावचा किल्ला बहामनींसाठी घेतला, पुढं विजापूरची आदिलशाही आली, आणि दफ्तरातली फारसी हळूहळू बाजारात उतरली. फारसी दोस्त फार जुना. इराणच्या दारयवहुश, म्हणजे डरायस, राजाच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात तो दउश्तर या रूपात आहे, आणि त्याचं संस्कृत भावंड म्हणजे जुष् हा धातू: आवडणे, गोडी लागणे. जुन्या फारसीचा द आणि संस्कृतचा ज असे बरेच ठिकाणी समोरासमोर येतात. आपला जावई तिकडं दामाद, आणि आपलं जाणणं तिकडच्या नादानमधलं दान. तेव्हा दोस्त म्हणजे ज्याला आपली गोडी आहे तो. हा शब्द खरोखर आवडीतून जन्मला, आणि कदाचित म्हणूनच तो भाषेची हद्द सहज ओलांडतो. 'काय दोस्ता' आणि 'एन दोस्ता' यांत फक्त पहिला शब्द बदलावा लागतो. बाजारात एकजण विचारतो, "एन दोस्ता, एल्लि होंटी?" दुसरा उत्तर देतो, "इथंच, खडेबाजारला. चल की." दोघांनाही आपण भाषा बदलली हे जाणवत नाही. हाक मारताना मात्र शेवटचा आ हवाच. नुसतं 'दोस्त' म्हटलं की पाहुणा आला हे लगेच ओळखू येतं.

यार जरा जपून. कॉलेजातली पोरं सर्रास वापरतात, हिंदीच्या जोरावर. पण घरातल्या आजीसमोर एखाद्या मुलीचा यार म्हटलं तर अर्थ बदलतो, जुन्या मराठीत तो चोरून येणारा. सोबती अरबी सुहबत वरून, आणि त्याच धातूतून साहेब. अरबीत साहिब म्हणजे मुळात सोबत असणारा. कचेरीच्या बाकावर अर्ज घेऊन तीन तास बसलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो काय म्हणेल? गोव्याकडून चोर्ल्याच्या घाटानं कोकणी इश्ट येतो, आपल्या लग्नपत्रिकेतल्या आप्तेष्टांमधला तोच इष्ट. पत्रिकेत आणखी स्नेही असतो, तो कन्नडमध्ये स्नेहित. दोघांतही स्नेह म्हणजे तेल, चिकटपणा, वंगण.

कन्नडचा स्वतःचा शब्द गेळेय. जुन्या कन्नडात केळे म्हणजे सोबत, क चा ग होऊन गेळे, त्यावरून गेळेय आणि गेळती. तमिळमधला केळ्, म्हणजे आप्त, त्याच कुळातला. रोजच्या बोलण्यात त्याची हाक कमी ऐकू येते, कवितेत आणि गाण्यात जास्त. धारवाडात १९२० च्या दशकात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांनी लिहिणाऱ्या तरुणांचा जो मेळा जमवला त्याचं नाव गेळेयर गुंपु, सोबत्यांचा घोळका. बेंद्रे घरात मराठी बोलत. मराठीतही त्यांनी लिहिलं, आणि कन्नड कवितेसाठी १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. आपल्या सोबत्यांना नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी घरातला शब्द घेतला नाही, अंगणातला घेतला. इकडच्या माणसाला याचं नवल वाटत नाही. धारवाडच्या गल्लीत जे बोलायचं त्याच भाषेत मैत्री होणार.

हाकांना तर गणतीच नाही. लेका, मर्दा, भावा, मामा. तिकडून मारायाऽ, तम्मा, अण्णा. २०१९ च्या पोटनिवडणुकीत कागवाडच्या सभेतल्या गर्दीतून 'हौदो हुलिया', होय रे वाघा, अशी आरोळी उठली आणि महिनाभर अख्ख्या राज्यात फोनवर वाजत राहिली. कागवाड म्हणजे मिरजेपासून हाकेच्या अंतरावर. त्या हुलियाचा आ आणि मर्दाचा आ एकाच गळ्यातून निघतात.

संध्याकाळी पोरं गट पाडतात तेव्हा या सगळ्यातलं काहीही त्यांच्या डोक्यात नसतं. दोन कप्तान बाजूला उभे राहतात. बाकीचे साधारण सारख्या ताकदीच्या जोड्या करून थोडं लांब जातात, कानात कुजबुजून गुपित नावं ठरवतात, एक आंबा, एक फणस, आणि खांद्यावर हात टाकून परत येतात. "आंबा की फणस?" कप्तान बोलेल तसा एक इकडं, एक तिकडं. खांद्यावरचे हात सुटतात आणि आतापर्यंत एकत्र कट शिजवणारे दोघे रेघेच्या दोन बाजूंना जातात. यात लबाडी होते ती एकाच ठिकाणी: दोघांतला एक नाव ठरवताना कप्तानाला खूण करून ठेवतो. पकडली गेली तर जोडी मोडतात, शिक्षा म्हणून दोघांना नवे जोडीदार. पोरं विषम असली की एक उरतो. तो लहान असला तर लिंबूटिंबू, त्याला बाद धरत नाहीत. मोठा असला तर तो कॉमन, दोन्हीकडून खेळतो. कॉमनला सगळ्यांत जास्त पळावं लागतं, आणि रेघेवरून वाद झाला की दोन्ही बाजू त्याच्याकडंच बघतात. खेळ संपेतो त्याच्या अंगात दम उरत नाही, पण घरी जायला तो तयार नसतो.

त्या दिवशी हॉटेलात पोरानं वहीत पहिली ओळ लिहिली. रेघेच्या अलीकडं गडि, पलीकडं सीमा. पेपर उलटून आणखी तीन शब्द झाले. पाचव्याला त्याचं बोट एका जाहिरातीवर थांबलं, गेळेय. बाप चहाचे पैसे देत होता; मागं वळून म्हणाला, "मित्र लिही, आणि चल." पोरानं रेघेपलीकडं पेन नेलं, क्षणभर वरच्या ओळीकडं पाहिलं, आणि ग काढायला सुरुवात केली. ड झाला, मग वेलांटी, दीर्घ, शेपूट रेघेला लागेपर्यंत ओढलेली.